गुलाबी गोळी, पिवळी गोळी

अन्याय झाला तो नागपूरच्या महाल भागातल्या लीलाकाकूंवर, मागच्या तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, सकाळी साडेनऊला. न्हाणीच्या दारात पडल्या आणि डावं मनगट मोडलं. त्याच्या अर्धा तास आधी त्यांना गोळ्या मी दिल्या होत्या, माझ्याच हातानं, म्हणून हे मीच सांगते.

मी प्रज्ञा, भिवापूरची. शाळेत होती तेव्हापासून मायसंग मिरचीचे देठ खुडायले जायची, आणि मिरची निवडायची ती डोळ्यानंच, लाल वेगळी, पांढरी पडलेली वेगळी. माय म्हणे, रंग खोटं बोलत नाही वं पोरी. ते डोक्यात बसलं ते बसलंच. बारावीनंतर नागपूरले आली, सहा महिन्यांचा कोर्स केला, आता तीन वर्षं झाली, म्हातारी माणसं सांभाळून राहिली. लोक आया म्हणतात. म्हणा.

काकू मास्तरीण होत्या, आता एकट्या, नजर अधू. मुलगा पुण्याला, औषधं तोच फोनवरून मागवते. दिवसाच्या गोळ्या सात. स्ट्रिपवर सारं इंग्रजी, तेही मुंगीएवढं, आणि दुकानदार मोजून गोळ्या कापून देते तर नाव कात्रीच्या पलीकडं राहते. मग काय करणार, काय सांगू तुम्हाले, आम्ही दोघी रंगानंच ओळखायचो. प्रज्ञा, गुलाबी दिली का गं, असं काकू विचारायच्या. गुलाबी म्हणजे बीपीची.

पोळ्याच्या आधी काकू डॉक्टरकडं जाऊन आल्या आणि संध्याकाळी दुकानातून पुडकं आलं. त्यात एक पिवळी, आधी कधी न पाहिलेली. गुलाबी अजून शिल्लक होत्या. मले वाटलं डॉक्टरनं नवीन लावली. तरी मी मुलाले फोन केला, भाऊ, ही पिवळी कशाची. तर म्हणे, डॉक्टरांनी दिली असेल तर द्या ना, मी मीटिंगमध्ये आहे. दुकानात गेली तर तो म्हणे, चिठ्ठीप्रमाणंच आहे मॅडम, मागं गर्दी आहे. दोघांना विचारलं मी, दोघांना, हे नीट लिहून घ्या.

दोन्ही देत गेली. दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, डोकं हलकं हलकं वाटतंय. मी म्हटलं, खात नाही तुम्ही धड, म्हणून. हे माझं चुकलं, लपवत नाही. चौथ्या सकाळी पडल्या.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी सगळ्या गोळ्या मागवल्या. पिवळीचं नाव कापलेलं, मग दुकानात फोन लावला, आणि म्हणाल्या, दोन्हीत एकच औषध आहे, फक्त कंपनी वेगळी. दुप्पट जाऊन राहिलं होतं, बीपी पार खाली. दुकानदार म्हणे, दुकानात पहिल्या कंपनीची संपली होती, तेच औषध तर दिलं. अरे, तेच आहे हे तोंडानं सांगायले काय जड गेलं होतं? मुलगा आला आणि दारातच म्हणे, अडाणी माणसाच्या हातात आईला दिलं ही माझीच चूक, उद्यापासून येऊ नका.

अडाणी काहून? मी वस्तीतली पत्रकं लिहिते, माईकवर बोलते. मले वाचता येते, त्या तुकड्यावर वाचायले काही ठेवलंच नव्हतं.

महिन्यानं काकूंचाच फोन. ये बाई, म्हणे, ही तुझ्या जागी आलेली बाई गोळी हातावर टाकते आणि टीव्हीसमोर बसते. मी म्हटलं, भाऊ काय म्हणतील? म्हणाल्या, त्याला मी पाहते. हजेरी नावानं घ्यायची असते प्रज्ञा, शर्टाच्या रंगानं नाही, आपलं दोघींचंही चुकलं.

तर आता नाव दिसत नसेल ती स्ट्रिप मी घेतच नाही, दुकानदार कुरकुरते, कुरकुरू दे. प्रत्येकीवर वहीचं लेबल चिकटवलं, ठळक मराठीत, कशाची आणि कधी. रोज सकाळी काकू हजेरी घेतात, बीपी, मी म्हणते हजर, थायरॉईड, हजर. मनगट मात्र वाकडंच जुळलं, वेणी मलेच घालून द्यावी लागते.

तुम्ही हे वाचून राहिले ना, तर उठा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्या पुढ्यात घ्या. ज्या गोळीचं नाव आणि काम तुम्हाले सांगता येत नाही, ती घेऊन आजच दुकानात जा आणि उत्तर मिळाल्याशिवाय काउंटर सोडू नका. सांभाळणाऱ्या बाईले अडाणी म्हणायचं असेल, तर ते त्याच्यानंतर म्हणा.