पाच गेली, चार आली

(जून १९९९. शिरूरजवळची एक वस्ती. दिवस कललाय. म्हातारा कोंडिबा जाळीच्या वाघरीच्या तोंडाशी उभा राहून मेंढरं मोजत आत सोडतोय. सून प्रतिभा शेजारी.)

कोंडिबा : ...एकेचाळीस, बेचाळीस... न्हाई. चुकलं. काढ समदी भाईर, परत मोजतो.

प्रतिभा : मामा, आता तिसऱ्यांदा? त्रेचाळीसच आहेत. मी पण मोजली.

कोंडिबा : तू मोजली म्हंजी बराबर आसतील.

प्रतिभा : तुम्ही पाव्हण्यांशी गप्पा मारत मोजता तरी चुकत नाही. आज काय झालं?

कोंडिबा : काय न्हाई. उन्हानं डोळं चुरचुरत्यात.

प्रतिभा : सकाळपासून ढग आहेत. ऊन कुठंय?

कोंडिबा : तू लई बारीक बघतीस बाई. सायन्सवाली सून करू नगा, आसं केडगावच्या मामानं सांगितलं हुतं मला.

प्रतिभा : आणि मुठीत काय आहे?

कोंडिबा : लोकरीची दोरी. दुसरं काय आसणार माझ्या मुठीत?

प्रतिभा : तिला गाठ आहे एक.

कोंडिबा : आसू दे की.

प्रतिभा : मामा...

कोंडिबा : सारजाला, तुज्या सासूला, सांगनार न्हाईस? तिच्या काळजाचं आधीच पानी झालंय. लेक लढाईवर न्हाई, हितं पुण्याच्या इमानाच्या तळावरच हाय, आसं रोज सांगतो तवा कुठं भाकरी खाती ती.

प्रतिभा : नाही सांगत. बोला.

कोंडिबा : आपल्या दत्ताची सुट्टी बंद झाली, त्या दिसापास्नं करतोय. सकाळी इमानं जात्यात नव्हं, वढू गावाच्या अंगानं येऊन आपल्या माळावरनं? एक गेलं की एक गाठ मारायची. माघारी आलं की एक सोडायची. सांजेला दोरी मोकळी झाली की मग मेंढरं आत घ्यायची. बारा दिस झालं. रोज मोकळी झाली.

प्रतिभा : आणि आज?

कोंडिबा : पाच गेली. चार आली.

प्रतिभा : किती वाजता गेली?

कोंडिबा : मेंढरं पाटावर पानी पीत हुती तवा.

प्रतिभा : म्हणजे साडेनऊच्या सुमारास. आली कधी?

कोंडिबा : जेवान झालं, जरा आडवा झालो हुतो. आवाज आला तसा उठलो.

प्रतिभा : झोपेतून उठलात, वर ढग. एखादं सुटलं असेल नजरेतून. आवाज जिथून येतो तिथं बघितलं असेल तुम्ही.

कोंडिबा : तूच शिकीवलंस की मला. आवाज मागं राहतो, इमान फुडं गेल्यालं आसतं. म्या फुडंच बघतो आता.

प्रतिभा : हो. तीन किलोमीटर उंचीवरून आवाज खाली यायला नऊ सेकंद लागतात. तेवढ्यात ते सव्वादोन किलोमीटर पुढं निघून जातं.

कोंडिबा : तेवढंच फुडं बघितलं. चार हुती. दोन-दोनच्या जोडीनं. सकाळी दोन जोड्या आन् मागनं एक एकलं. ते एकलं आलं न्हाई.

प्रतिभा : थांबा, जरा टेकते इथं.

कोंडिबा : काय गं? बस की.

प्रतिभा : मामा, एक सांगू? मी पण मोजते. रोज. गच्चीवरून, गहू वाळत घातलाय म्हणून जाते ना, तेव्हा. वहीत वेळ लिहिते.

कोंडिबा : गहू तर मे म्हैन्यातच भरून ठिवला आपन.

प्रतिभा : आत्याबाईंना खरं वाटतं अजून. आज वहीत पाच लिहिले आणि परत येताना चार. मला वाटलं माझीच चूक. कॉलेजात सांगायचे, एकाच माणसानं एकदाच बघितलं तर विश्वास ठेवू नका. दुसऱ्यानं, त्याला काही न सांगता, तेच बघितलं पाहिजे. दुपारपासून मी तेवढ्यावरच श्वास घेत होते.

कोंडिबा : आन् म्या दुसरा निघालो.

प्रतिभा : हो.

कोंडिबा : म्या न्हाई म्हनायला पायजे हुतं मग आधीच. मला काय ठावं तुजी वही.

प्रतिभा : शेवटचं एकटं होतं म्हणालात. ह्यांच्या पायलट साहेबांचं विमान शेवटीच सुटतं. मार्चमध्ये हे सुट्टीवर आले होते तेव्हा सांगितलं होतं.

कोंडिबा : तो उंच साहेब? पंजाबकडला? दिवाळीला आला हुता, कोकरू खांद्यावर घेऊन फोटू काढला त्यो?

प्रतिभा : तेच. हे त्यांना पट्टे बांधतात. शिडी काढायच्या आधी शेवटचा हात ह्यांचा लागतो त्यांना. मग कागदावर सही करायची, विमान ठीक आहे म्हणून. विमान आलं नाही तर पहिल्यांदा ह्यांची अवजारांची पेटी सील होते आणि तो कागद चौकशीसाठी कुलपात जातो.

कोंडिबा : दत्ता चुकनार न्हाई. ल्हानपनी मेंढराच्या खुरातला काटा काढायचा, निघाला तरी परत बघायचा.

प्रतिभा : चूक कोणाची ते नाही हो. साहेबांना काही झालं तर हे आयुष्यभर तो पट्टा आठवत बसतील. घट्ट बांधला होता की सैल. मी ओळखते ना ह्यांना.

कोंडिबा : आज गुरुवार. त्याचा फोन येतो सिंधूबाईच्या बूथवर.

प्रतिभा : सातला. आता साडेसहा झालेत. मी निघतच होते, तेवढ्यात तुम्ही परत मोजायला लागलात.

कोंडिबा : जा मग. न्हाई, थांब. जरा थांब. फोन आला न्हाई तर?

प्रतिभा : तर गडबडीत असतील म्हणायचं. माझ्या वडिलांचा, दौंडच्या आप्पांचा, सकाळी निरोप होता. जंक्शनवरून रोज मिलिटरीच्या गाड्या जातायत. ताडपत्रीखाली तोफा, रणगाडे. आप्पा म्हणतात, तीस वर्षं रेल्वेत काढली, इतक्या गाड्या पाहिल्या नाहीत.

कोंडिबा : एकाहत्तरच्या लढाईला म्या मेंढरं घेऊन कोकनात उतरलो हुतो. समुद्राच्या कडेला मेंढरांचा वाडा बसवला हुता. लांब पान्यात जहाजं उभी. गावचा पोलीस पाटील आला, म्हनला, शेकोटी इझवा, वरनं इमानाला दिसती. इझवली. तीन रात्री इझवली. जाळ न्हाई म्हनल्यावर लांडगं आलं. सात मेंढरं गेली. आपल्याला कुनी गोळी मारली न्हाई बघ. नुसती शेकोटी इझवली.

प्रतिभा : कोण येतंय पळत? जालिंदरभावजी?

कोंडिबा : त्योच. रांजणगावच्या कंपनीतनं सुटला आसंल. आता पेपर वाचून दावील.

जालिंदर : वहिनी! चुलता! हितं मेंढरात काय बसलाय? गावात या, टीव्ही बघा! नेव्हीनं समदी जहाजं अरबी समुद्रात आनून उभी केली. कराचीचं तेलच तोडनार. आठ दिसात गाड्या बंद पडत्यात त्यांच्या.

प्रतिभा : भावजी, बूथवरून आलात का?

जालिंदर : व्हय, तितंच टीव्ही हाय ना. आन् आपलं मिराज काय हाय ठावं हाय का? लेझरनं नेम धरतंय. आमचा सुपरवायजर म्हनतो, सुखोई तर आजून काढलंच न्हाई भाईर. त्यांचं एफ-सोळा म्हंजी त्याच्यापुढं खेळनं.

कोंडिबा : म्हैन्याभरात दोन पडली म्हनं आपली, ती काय खेळनी हुती?

जालिंदर : ती मिग, चुलता. जुनी.

प्रतिभा : एक खांद्यावरून सोडायच्या क्षेपणास्त्रानं पाडलं, भावजी. एक माणूस उचलतो ते. दगडाआड बसून. त्याला नवं काय आणि जुनं काय. फोन आला होता का, तेवढं सांगा.

जालिंदर : तेच सांगाय आलोय की! आला ना. सव्वासालाच आला. म्याच उचलला.

प्रतिभा : ह्यांचा? सव्वासहाला? आणि मला बोलावलं नाहीत?

जालिंदर : तीनच मिन्टं दिली हुती त्याला, वहिनी. मागं लाइन लागली हुती पोरांची. तुमच्यापातूर येईस्तोवर कट झाला आसता.

कोंडिबा : आवाज कसा हुता त्याचा?

जालिंदर : आवाज? आवाजासारका आवाज. जरा घाईत हुता.

प्रतिभा : काय म्हणाले? जसंच्या तसं सांगा. तुमचं काही घालू नका.

जालिंदर : म्हनला, मी बरा हाय. मग म्हनला, प्रतिभाला सांग, साहेब बरं हायत. ह्ये दोनदा म्हनला. म्हनलं, त्येंला काय झालंय मर्दा? तर म्हनला, तू नुसतं सांग, ती वाट बघत आसंल.

प्रतिभा : दोनदा म्हणाले?

जालिंदर : दोनदा. साहेब सकाळी बाकीच्यांसंगं निघालं, पर तितनंच वर गेलं म्हनं, उत्तरेला. कुठं ते सांगायचं न्हाई.

कोंडिबा : म्हंजी पडलं न्हाई. दुसऱ्या वाड्यावर गेलंय. आरं देवा. मेंढरू गेलं त्याच वाटंनं माघारी येनार, आसं धरून बसलो म्या खुळा.

प्रतिभा : मी पण तेच धरलं, मामा. शिकलेली असून.

जालिंदर : कशाचं मेंढरू? तुमी दोघं काय बोलताय? खरी बातमी तर ऐका! साहेबांचं इमान तिकडं गेलं तर त्याला बघनार कोन? दत्ता! उद्या पहाटं मालवाहू इमानानं निघतोय. अवजारांची पेटी घेऊन. आपल्या वस्तीचा पयला मानूस फ्रंटवर! पेढं वाटाय पायजेत.

प्रतिभा : उद्या पहाटे.

जालिंदर : व्हय. फोन करू शकनार न्हाई म्हनला. म्हैना लागंल, दोन लागत्याल. रडताय का काय वहिनी? वीर मानसाची बायको तुमी...

कोंडिबा : जालिंदर, घरी जा. आन् सारजाला ह्यातलं कायबी सांगू नगंस. म्या सांगीन, माझ्या जिभंनं.

जालिंदर : बरं. म्या आपलं चांगलं म्हनून सांगाय आलो हुतो. जातो.

प्रतिभा : मामा, ते मालवाहू विमान जड असतं. हळू जातं. आवाज आधीपासून येईल आपल्याला.

कोंडिबा : ह्याच माळावरनं जाईल?

प्रतिभा : माहीत नाही. जाईल बहुतेक.

कोंडिबा : मग पहाटं दोघं हितंच बसू. तू फुडं बघ, म्या मागं बघतो. चल, अंधारायच्या आत वाघरीचं तोंड बांध.

प्रतिभा : ही गाठ सोडायची का आता? साहेब सुखरूप आहेत.

कोंडिबा : न्हाई. माघारी आलं न्हाई ना आजून. राहू दे.

प्रतिभा : बरं.

कोंडिबा : आन् ही घे दोरी. शेजारी दुसरी गाठ तूच मार. जरा सैल मार, पोरी. सोडाय सोपी गेली पायजे.