पऱ्हाटीच्या भुकटीचा पंखा

देवगाव फाट्यावर बसची वाट पाहणाऱ्या बन्सीधरच्या कानावर शेजारच्या मायलेकींचं बोलणं पडत होतं. पोर इंजिनिअरिंगची दिसत होती.

“प्लास्टिकमधी पऱ्हाटीची, कापसाच्या वाळल्या झाडांची, भुकटी घालून केलेला पंपातला पंखा पंप चालू करताच फुटला, माय. आत नुसते बुडबुडे.”

“ते कशानं?”

“भुकटीत ओल राहिली की होतेत. तू तर आठ दिवस गच्चीवर वाळवलीस.”

“वाळवली की. लय उडायलती, म्हणून रोज जरा पाणी शिंपडत होते.”

“रोज?”

“आंगणात शिंपडतो तेवढंच.”

“परवा शेवटची चाचणी हाय, माय. नापास झालं तर वर्ष गेलं.”

“उद्या पुन्हा वाळवू, कोरडी. सरांला काय सांगशील?”

“माझी चूक झाली म्हणून.”

“तुझी कशाला? मदत केली म्हणून प्रोजेक्टच्या वहीत माझं नाव टाकलंस ना? चूक बी त्याच्याच खाली लिही.”