व्हर्लिनचं पित्ताशय

आदरणीय अध्यक्ष ब्रदर एस्टिल, व्यासपीठावरच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मंडळींनो, स्वयंपाकघराच्या दारात खोळंबलेल्या बायांनो आणि लॉरेल क्रीकच्या माझ्या सगळ्या माणसांनो,

माझी धाकटी बहीण व्हर्लिन आजपासून गाण्याचे गावोगावचे दौरे थांबवतेय. भावानं दोन शब्द बोलावेत, असा हुकूम झाला. अकरा वर्षं तिची गाडी चालवून मी थकलोय. गुडघ्यांमुळे टेबलाला टेकून बोलतो, चालवून घ्या.

तिची गाणी मनाच्या आजाराची आणि माफीची. परकी माणसं तिच्या गळ्यात पडून रडतात. ‘पित्ताशय’ हे गाणं लागलं की मात्र सगळे हसतात आणि मी उठून बाहेर जातो. का? सिगारेट ओढायला? छे हो, सिगारेट सोडून नऊ वर्षं झाली!

व्हर्लिनला पहिल्यांदा मनाच्या इस्पितळात ठेवलं, त्या बुधवारी याच चर्चमध्ये प्रार्थनेची यादी फिरत होती. आजाऱ्याचं नाव लिहायचं, पुढं दुखणं लिहायचं. कागद माझ्यापुढं आला आणि मला लाज वाटली. मी लिहिलं, ‘व्हर्लिन. पित्ताशय.’

तुम्ही मनापासून प्रार्थना केलीत. ती घरी आली तर ओसरीवर तुम्ही आणून ठेवलेली जेवणाची सतरा भांडी! सगळं पित्ताशयाच्या पथ्याचं: बिनचरबीची कोंबडी, बिनलोण्याचा मक्याचा पाव. आपल्या ओपलबाई तर टाके बघायलाच आल्या होत्या.

त्या गेल्यावर व्हर्लिन म्हणाली, "होबार्ट, खरं लिहिलं असतंस तर यातलं एक तरी भांडं आलं असतं का रे?"

"अगं, तुला लोकांपासून वाचवत होतो."

"मला? स्वतःला वाचवत होतास, बाबा."

पंधरा दिवसांत तिनं त्याचं गाणं केलं. शेवटच्या कडव्यात म्हणे मला माफ केलंय. ते कडवं मी आजवर ऐकलेलं नाही. मागितलीच नव्हती माफी, तर कोणत्या तोंडानं ऐकायचं?

व्हर्लिन, आज सगळ्यांसमोर मागतो. चुकलो मी.

आणि ब्रदर एस्टिल, एक विनंती. माझे गुडघे ठणठणीत आहेत. गेल्या हिवाळ्यापासून मला सकाळी अंथरुणातून उठवत नाही, कशात जीव लागत नाही. येत्या बुधवारच्या यादीत लिहा, ‘होबार्ट. मन.’ भांडी आणलीत, तर लोणी घालून आणा.

एवढ्या चिखलातून आलात, मनापासून आभार. बोलताना कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. आता व्हर्लिन ते गाणं म्हणणार आहे. मी इथं पहिल्या रांगेत बसतो.