सहाही खाचा सरळ उभ्या

नाव वरच्या रकान्यात लिहिले आहे ते. ओळखीचे सगळे गुण्यामामा म्हणतात, कारण काटकोन तपासायचा गुण्या कायम माझ्या खिशात असतो. वय एकाहत्तर. धंदा सुतारकाम. राहणार लाकडाच्या वखारीमागे, खाली दुकान, वर दोन खोल्या. मुलगा बोटीवर नोकरीला असल्याने घरात मी आणि सून असे दोघेच.

मी आज आपण होऊन ठाण्यात आलो आहे, मला कोणी बोलावलेले नाही. समक्ष सांगतो की, सूनबाईने मंगळवारी दिलेला जबाब खोटा आहे. नाटकातल्या दाराला स्क्रू तिने मारलेले नाहीत. ते मी मारले.

आमच्याकडे हौशी नाट्यमंडळ आहे. गणित शिकवून निवृत्त झालेले मास्तर नाटक बसवतात. यंदाचे नाटक विनोदी. एक भिकार मंडळी खुनाचे गंभीर नाटक करायला जाते आणि सगळेच फसते, असा विषय. मुडदा दोनदा शिंकतो, फोन उचलल्यावर वाजतो आणि सगळे मुद्दाम वाईट काम करतात. मुद्दाम वाईट काम करायला तीन महिने तालीम लागली. मास्तर म्हणायचे, "आपल्याकडे अंगणही वाकडं आणि नाचताही येत नाही, पण दोन्ही वेळेवर पाहिजे." मुडद्याची शिंक अर्धा क्षण लवकर आली की ते संतापायचे.

नेपथ्य माझे. तिसऱ्या अंकात मागचे दार पडायचे होते. जन्मभर दार पडू नये म्हणून खपलो आणि म्हातारपणी ते पडावे म्हणून पंधरा दिवस घालवले. दाराला दोन बिजागऱ्या होत्या, त्या चौकटीला नुसत्या टेकवलेल्या. चौकटीकडची सहाही भोके रिकामी ठेवली होती. दार एका पाचरेवर उभे असे. दारामागे तीन फुटी चौथरा आहे. फौजदाराचे काम करणारा पोस्टमन त्यावरून धावत येऊन खांदा मारी. त्याआधी सूनबाई दोरीने पाचर ओढी. दार आडवे होई आणि पोस्टमन दारासकट पुढच्या गादीवर पडे. तालमीत असे बावीस वेळा झाले, कोणाला ओरखडा आला नाही. रिकामी भोके मात्र मला बघवत नसत, हे मी सूनबाईपाशी बोललो होतो. ती म्हणाली होती, "मग बघू नका."

पोस्टमन माझा तीस वर्षांचा दोस्त आहे.

प्रयोग शनिवारी सायंकाळी साडेसहाला होता. तिसऱ्या अंकात पोस्टमन धावत आल्याचा आवाज आला. पाचर निघालेली मला तिसऱ्या रांगेतून दिसली. धाडकन आवाज झाला. दार हलले नाही. पोस्टमन आपटून मागच्या मागे चौथऱ्यावरून फरशीवर पडला, हे नंतर कळले. लोकांना फक्त बंद दार दिसले. त्या दिवशीचा सगळ्यात मोठा हशा त्यालाच मिळाला.

काहीही बिघडले तरी तो नाटकाचाच भाग समजून पुढे जायचे, असा मास्तरांचा नियम होता. त्याप्रमाणे मुडदा उठून म्हणाला, "दार उघडा, कायदा बाहेर ताटकळलाय," आणि परत मेला. टाळ्या पडल्या. मग दारामागून विव्हळणे ऐकू आले. त्यालाही लोक हसले. मीही हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. शेजारच्याला म्हटले, "लेकाचा काय विव्हळतोय बघा, अगदी खरं वाटतं." दार पडले नाही तेव्हा मास्तरांनी ऐनवेळी बदल केला असेल असे वाटले. शिवाय दार एवढा धक्का खाऊन भक्कम उभे राहिले याचे मनात बरे वाटले. हेही लिहून घ्यावे.

पोस्टमनकडे पहिली पोचली ती सूनबाई. त्याच्या खुब्याचे हाड मोडले आहे. काठीशिवाय चालता येणार नाही, असे डॉक्टर म्हणतात.

त्याच्या भावाने तक्रार दिली की दार कोणीतरी मुद्दाम पक्के केले. मंगळवारी पंचनाम्याला साहेबांनी मला दार ओळखायला बोलावले. मी चष्मा लावून वाकलो. सहाही भोकांत स्क्रू होते. सहाही स्क्रूंच्या डोक्यांवरच्या खाचा सरळ उभ्या होत्या. स्क्रू घट्ट बसल्यावर खाच तिरकी राहिली तर मी पाव फेरा आणखी देऊन ती उभी करतो. कोणी बघत नाही, पण मला चालत नाही. वडिलांनी कानशिलात देऊन शिकवलेली सवय आहे. आमच्या भागात हे दुसरे कोणी करत नाही.

मी वाकलेलाच होतो, तेवढ्यात सूनबाई मागून म्हणाली, "साहेब, ते मी मारले. दुसऱ्या अंकात दार डुगडुगत होतं म्हणून. काढायचे विसरले." मी तेव्हाच बोलायला हवे होते.

ती शाळेत प्रयोगशाळा सांभाळते. गुन्हा नोंदला गेला तर नोकरी राहणार नाही, हे तिला मास्तरांनी समजावले होते. तरी ती बोलली.

घरी गेल्यावर मी विचारले, "खोटं का सांगितलंस?"

"कसलं खोटं? मीच मारले."

"बापजन्मात तुझी एक खाच सरळ आलेली नाही."

तिने चहा पुढे ठेवला. मग म्हणाली, "मी विसरले म्हटलं तर लोक चार दिवस बोलतील. तुम्ही विसरलात म्हटलं तर तुमच्या हातात कुणी पटाशी देणार नाही, बाबा."

साहेबांनी विचारल्यावरून सांगतो की, शनिवारी दुपारी चारला मी सभागृहात गेलो होतो. रखवालदारानेही मला पाहिले आहे. आत गेल्याचे आठवते. निघताना पंखा बंद केल्याचे आठवते. मधला अर्धा तास आठवत नाही. या तीन महिन्यांत माझी पटाशी दोनदा फ्रीजमध्ये सापडली. दोन्ही वेळा सूनबाईने ती पुसून न बोलता जागेवर ठेवली. मी झोपेचे सोंग घेऊन बघत होतो.

साहेब म्हणाले, "मामा, जे आठवत नाही त्याचा जबाब कसा घेऊ?" मी सांगितले की, मला आठवत नसले तरी हात माझा आहे, तो मी ओळखतो. खात्री पटत नसेल तर तिच्या हातून एका फळीत सहा स्क्रू मारून घ्यावेत. सहा खाचा सहा दिशांना जातील.

कोणाचे वाईट करण्याचा माझा हेतू नव्हता. रिकामी भोके दिसली आणि हाताने ती भरली असणार. जित्याची खोड, दुसरे काय. येण्यापूर्वी मी दवाखान्यात जाऊन पोस्टमनला हे सांगितले. तो मग म्हणाला, "हशा मात्र जोरात आला होता रे."

हवालदारांनी हा जबाब मला पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवला. 'खुबा' ऐवजी 'गुडघा' पडले होते, ते दुरुस्त करून घेतले. बाकी मी बोललो तसेच आहे. सहीपूर्वी एवढे वाढवण्यास सांगितले: माझा पेचकस बाहेर बाकावर बसलेल्या सूनबाईच्या हाती दिला आहे. यापुढे घरातले आणि दुकानातले स्क्रू ती मारील. खाचा कशाही आल्या तरी मी तिला काही बोलणार नाही.