बिनयुरियाचा गहू

...नाही, पण बिनयुरियाचा गहू इतका हिरवा असतोच कसा? तुम्हाला सांगतो, सरकारने ठरवलं की देशातलं रासायनिक खत बंद करायचं, पण धान्य एक पोतंही कमी पडता कामा नये! आणि हे जमतं का ते बघायला जागा कुठली निवडली? माझं अर्धा एकर रान! कुंपण घातलं, पाटी ठोकली, किल्ली माझ्या कमरेला. शेतकी खात्याचे साहेब नाकात म्हणाले, "हे बघा, तुमच्या गव्हाच्या वजनावर देशाचं पोट ठरणार आहे. शेणखताशिवाय आत काहीही जाता कामा नये!" मी कबूल. आणि महिन्याभरात हा गहू शेजारच्या माझ्याच युरियावाल्या गव्हाच्या वर गेला! आता तुम्हीच सांगा, संशय येणार नाही?

लागलो पाळतीवर. तर सासरेबुवा, जन्मात कधी शेताकडे न फिरकलेले, रोज सकाळी कुंपणाशी! खिसा फुगलेला! विचारलं तर म्हणतात, "काही नाही जावईबापू, पाखरांना दाणे टाकतोय." पांढरेशुभ्र दाणे? आणि एक पाखरू उतरेल तर शपथ! हात धरला तेव्हा कबूल झाले, "प्रयोग फसला तर माझ्या मुलीला लोक हसतील हो!" बरं, मुलीकडे जावं तर आमची ही, पाटाला पाणी धो धो वाहतंय आणि ही कळशीने घालतेय! आणि आधी चमच्याने ढवळतेय! "मला मेलीला काय कळतं? पण उद्या देशात पोरं उपाशी राहिली तर पाप कुणाच्या माथी?" आणि साहेब... स्वतः साहेब हो! उंची मोजायला वाकले की बाही झटकतात. "धूळ आहे, धूळ!" पांढरी धूळ? आता तुम्हीच सांगा, संशय येणार नाही?

काल कापणी झाली. युरियावाल्यापेक्षा दोन पोती जास्त! टाळ्या! साहेबांनी उभ्या उभ्या अहवाल लिहिला, पुढच्या हंगामापासून सगळा देश असाच पिकवणार म्हणे! सासरेबुवा आभाळाकडे बघतायत, ही पदराचं टोक चावतेय... कुणी बोलेल तर ना! शेणखतावर कदाचित जमलंही असतं हो, पण आता कळणार कसं? मला भीती वाटते, खरंच वाटते. मी बोलणार होतो, अगदी तोंड उघडलं होतं...

पण काय आहे, पेरणीनंतर आठच दिवसांत एक मूठ मीही टाकली होती. एकच!

तेव्हा असं करा, घरी जाताना गहू घेऊन जा. जमेल तेवढा भरून ठेवा.