ताकद आहे, पकड नाही!

...आणि वर मलाच म्हणतात, "एल्डन, तुला गाडी चालवता येत नाही!" मला? अहो, अडुसष्ट सालची गाडी, आठ सिलिंडरचं इंजिन, नुसती सुरू केली तरी शेजारच्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतात! पण तुम्हाला सांगतो, शर्यतीत हिरवा दिवा लागला, मी पाय दाबला, की मागची चाकं जागच्या जागी गरगर, बूड थयथया नाचतंय, धूर एवढा की मी स्वतःलाच दिसत नाही... ताकद आहे हो, पकड नाही!

आता बायकोचं ऐका. मार्लिसला गॅरेजात डीप फ्रीजर पाहिजे. "अहो, अख्खं डुक्कर सांगून ठेवलंय खाटकाला, ते काय तुमच्या डिकीत ठेवू? रविवारी माझ्या भावाला हरवा, नाहीतर गाडी अंगणात आणि फ्रीजर आत!" आणि हिचा भाऊ कोण, तर डेल्बर्ट! गंजका पिकअप हाकतो, तोही सुटताना माझ्यासारखाच घसरतो, म्हणून तर आजवर बरोबरी! आणि माझी गाडी इंडियानातल्या हिवाळ्यात उघड्यावर?

मग काय, आठवडाभर गाडीखाली उताणा. जोर लावला की मागचे स्प्रिंगचे पाटे पिळवटतात आणि पकड सुटते, म्हणून त्यांच्याखाली दोन भक्कम लोखंडी दांडे आवळले. झकास! तिथेच थांबायचं ना माणसानं? पण नाही, शनिवारी डोकं चाललं... गाडी हलकी करू! स्टेपनी काढली, जॅक काढला, बर्फात चाकं घसरू नयेत म्हणून आमच्याकडे सगळेच डिकीत टाकतात ती वाळूची पोतीसुद्धा काढली. हसू नका! मे महिन्यात बर्फ कुठला?

रविवारी डेल्बर्ट हजर, आणि पिकअपच्या हौद्यात काय? फ्रीजर! आत अख्खं डुक्कर! "दाजी, खाटकाकडून थेट आलोय, शर्यत झाली की तुमच्याच गॅरेजात उतरवतो, दोन खेपा कशाला?" शर्यतीच्या तपासणीवाल्यानं फ्रीजर बांधलेला दोरखंड ओढून बघितला आणि म्हणाला, "हलत नाही, जाऊ दे." मी म्हटलं, ने बाबा, ने ओझं!

हिरवा दिवा... आणि गरगर! दांडे जागेवर, पाटे जागेवर, गाडीही जागेवर! मागे वजनच नाही तर चाकं टेकणार कशी? आणि डेल्बर्ट? त्या डुकरानं त्याची चाकं अशी दाबून धरलेली की पठ्ठ्या सरळ पार! मेहुण्याकडून हरलो असतो तर चाललं असतं हो, मी डुकराकडून हरलो! ताकद होती, पकड नव्हती!

आता गाडी अंगणात, ताडपत्रीखाली. जीव तुटतो बघून. काल म्हटलं, फ्रीजर जरा कडेला सरकवला तर गाडीचं नाक तरी आत मावेल. पाय रोवले, खांदा लावला, दिला रेटा... फ्रीजर तसूभर हलेना, माझेच बूट फरशीवरून सुर्रकन मागे!

दारातून मार्लिस म्हणाली, "अहो, ताकद आहे... पकड नाही!"