आमोसची पाळी

(डब्लिन विमानतळाकडून स्वोर्ड्सला निघालेली गाडी. डिसेंबरातला शनिवार, दुपारचे साडेतीन. गाडी चालवतोय शिरीष. शेजारी त्याची बायको माधवी. मागच्या सीटवर देवयानी, त्यांच्या स्वोर्ड्सच्या घरात भाड्यानं राहणारी विद्यार्थिनी. त्याच घराच्या बैठकीच्या खोलीत दर रविवारी मराठी ख्रिस्ती फेलोशिपची उपासना भरते. पाऊस.)

शिरीष: ...म्हणजे मी काही सेन्सॉर करत नाहीये, देवयानी. रविवारी ज्याची पाळी असते त्याचा संदेश मी शनिवारी एकदा नजरेखालून घालतो. परेशचा घातला, रेवतीचा घातला. पद्धत आहे आपल्या फेलोशिपची.

देवयानी: म्हणून माझी शिफ्ट संपायच्या आधीच पार्किंगमध्ये येऊन थांबलात.

शिरीष: लिफ्ट दिली, तर तेही चुकलं.

देवयानी: मला बस होती, काका.

माधवी: जॅकेट काढून ठेव गं, ओलं झालंय. कागद इकडे दे.

शिरीष: हं, तूच वाच माधवी. मोठ्यानं. उद्या आयरिश चर्चचे पाळक, मिनिस्टर स्वतः, येतायत. त्यांचा हॉल आपल्याला द्यायचा की नाही, ते उद्याची उपासना बघून ठरणार. म्हणून म्हटलं, नाताळ आहे, जरा पॉझिटिव्ह ठेव. मेंढपाळ वगैरे.

देवयानी: मेंढपाळच आहे. तुम्हीच बायबलातला आमोस संदेष्टा दिलात मला.

शिरीष: दिला ना. छोटासा ग्रंथ आहे म्हणून दिला. तू शिफ्ट करतेस, अभ्यास असतो.

देवयानी: वाचला होतात का कधी?

शिरीष: लहानपणी, संडे स्कूलला. वाच गं.

माधवी: "संदेष्टा म्हटलं की आपल्याला पिंजऱ्यातला पोपट आणि त्यानं काढलेली चिठ्ठी आठवते. लग्न कधी, व्हिसा कधी. इस्राएलातही तसं सांगणारे होते. राजाच्या ताटात जेवायचे आणि राजाला हवं तेच सांगायचे. खरे संदेष्टे उद्याचं कमी आणि आजचं जास्त बोलायचे. आज कोणाच्या अंगावरचं पांघरूण तुम्ही काढून घेतलंय, ते सांगायचे. तेही चारचौघांत, ज्याचं त्याच्या तोंडावर."

शिरीष: ग्रँड. पोपटाचं छान आहे. इंग्लिशमध्ये सांगताना जमेल ना पोपट?

देवयानी: जमेल.

माधवी: "आमोस पुजारी नव्हता. दक्षिणेतल्या तकोवा गावचा मेंढपाळ, हंगामात उंबराची फळं टोचणारा. तो उत्तरेत गेला, परक्या राज्यात. तिथं यराबाम राजाचा काळ भरात होता. निजायला हस्तिदंती पलंग होते. हिवाळ्यात राहायला एक घर, उन्हाळ्यात राहायला दुसरं."

शिरीष: हे दोन घरांचं काय?

देवयानी: आहे तसंच आहे. मी घातलेलं नाही.

शिरीष: आम्ही राहतो ते सिटीवेस्टचं घर मॉर्गेजवर आहे, हे सगळ्यांना माहीत आहे.

माधवी: तुमचं नाव कुठे आहे यात? "देवळात तर पाय ठेवायला जागा नव्हती. वाद्यं, गाणी, अर्पणं. आणि आमोस त्या देवळाच्या दारात उभा राहून म्हणाला, देव म्हणतोय तुमचे सण मला नकोत. गाणी बंद करा, कान किटले माझे. द्यायचंच असेल तर न्याय द्या, आणि तो बारमाही ओढ्यासारखा द्या. सणापुरता नको." ...मी पेटी वाजवते उद्या. चार कॅरोल बसवलीत.

देवयानी: तुम्हाला म्हटलेलं नाही, काकू.

माधवी: वाजवते तर मीच.

शिरीष: हे बघ बेटा, ते त्या काळचं होतं. आपल्याला आज त्यातून काय घ्यायचं? प्रेम, क्षमा, एकमेकांना आधार. तिकडे वळव गाडी.

माधवी: वळली आहे. पुढचं पान. "आता आपलं. आपण ज्या खोलीत गातोय तिच्या वर तीन खोल्या आहेत. त्या तीन खोल्यांत अकरा जणी राहतात."

शिरीष: थांब.

माधवी: अकरा?

शिरीष: काही टेम्पररी आहेत.

माधवी: सहा म्हणाला होतात तुम्ही.

शिरीष: सहा होत्या. मग सप्टेंबरला नवीन बॅच आली, कोणाला कुठे जागा मिळेना, मी काय एअरपोर्टवर झोपू देऊ त्यांना? देवयानी, तू सांग. आलीस तेव्हा बॅगांवर बसून रडत होतीस. कोणी आणलं घरी?

देवयानी: तुम्ही.

शिरीष: झालं तर.

देवयानी: ते खरंच आहे. म्हणून तर कोणी तोंड उघडत नाही.

माधवी: "दर रविवारी सकाळी नऊ वाजता आम्ही गाद्या गुंडाळतो आणि गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, हॉट प्रेसमध्ये, कोंबतो. त्यात मावत नाहीत त्या बाथटबमध्ये. मग तुम्ही येता. तुमच्यातलं कोणी बाथरूम मागितलं तर आमच्यातली एक जण सांगते, नळ बिघडलाय, खालचं वापरा." ...दोन वर्षं मी खालचं वापरतेय.

शिरीष: माधवी, पुरे. ठेव ते.

माधवी: "मागच्या खोलीत अक्षया झोपते. ती खोली म्हणजे एक पलंग आणि एक दार. खिडकी आहे, पण ती उघडू नये म्हणून चौकटीत बाहेरून चार स्क्रू मारलेत. मंगळवारी अक्षयाला दमा उसळला. तिघींनी तिला उचलून जिन्यावरून खाली अंगणात आणलं. पाऊस होता. पावसात ठेवली, तेव्हा तिला श्वास घेता आला." मंगळवारी? मी मंगळवारी ड्युटीवर होते. मला फोन का नाही केलास?

देवयानी: काकांना केला होता.

माधवी: मग?

देवयानी: काका म्हणाले, अँब्युलन्स बोलावू नका, पत्ता नोंदला जातो. पंप द्या.

माधवी: शिरीष.

शिरीष: ती बरी झाली ना? अर्ध्या तासात बरी झाली. आणि स्क्रू मी हौसेनं मारले नाहीत. त्या खिडकीतून अंतर्वस्त्रं वाळत घातली यांनी. शेजारणीनं फोटो काढून कौन्सिलला पाठवला. कौन्सिलचा माणूस दारात उभा. घर बंद झालं असतं, मग कुठे गेल्या असत्या अकराच्या अकरा?

देवयानी: तुम्ही शिकवल्याप्रमाणे आम्ही त्याला सांगितलं, आम्ही पाहुण्या आहोत, काकांच्या पुतण्या. त्या दिवशी घरात सात होतो. तो शाबासकी देऊन गेला, मोठा परिवार आहे, फेअर प्ले टू यू.

शिरीष: हसू नकोस.

देवयानी: हसत नाहीये. ट्रॅफिक तुंबलाय का हा? मी इथं उतरते. चालत जाईन.

शिरीष: बस खाली. शॉपिंग सेंटरला नाताळाची गर्दी आहे. हलेल.

देवयानी: दार उघडत नाहीये.

शिरीष: चाइल्ड लॉक आहे. मुलं लहान होती तेव्हाचं. राहिलंय तसंच.

माधवी: काय पाहिजे तुला, देवयानी? उद्या हे वाचून काय होणार?

देवयानी: स्क्रू निघतील.

माधवी: एवढंच?

देवयानी: आज तरी एवढंच. मी दोन महिने सांगतेय. व्हॉट्सॲपवर सांगितलं, किचनमध्ये सांगितलं. काका म्हणतात बघतो. म्हटलं, चारचौघांत सांगितलं तर बघावं लागेल. आणि हॉल मिळाला की संपलंच.

माधवी: हॉल मिळाला तर चांगलंच आहे की. खाली तुम्हाला मोकळी खोली मिळेल.

देवयानी: शेडमध्ये बघा एकदा, काकू. दोन बंक बेड आलेत, खोक्यात आहेत अजून. फेलोशिप हॉलमध्ये गेली की ते बैठकीच्या खोलीत लागणार. जानेवारीच्या बॅचला तुम्ही हो म्हणालाय ना, काका?

शिरीष: तुला कोणी सांगितलं?

देवयानी: त्यातली एक माझ्या कॉलेजची आहे. तिनं मला विचारलं, घर कसं आहे.

माधवी: म्हणजे हॉलसाठी आपण तीन आठवडे उपास-प्रार्थना केली, ती चार गाद्यांसाठी?

शिरीष: दोन्ही गोष्टी एकत्र करू नकोस. देवाचं काम वेगळं. घर वेगळं.

देवयानी: आमोसला हेच सांगत होते सगळे.

शिरीष: आमोस, आमोस. तू कोण आहेस गं? पास्टर आहेस? थिऑलॉजी केलीस?

देवयानी: नाही. मी एअरपोर्टवर सँडविच बनवते.

शिरीष: तेच. दोन बुकं वाचली की मोठ्यांना शहाणपण शिकवायचं. बरं, मग एवढं पेटलंच असेल तर जा संगमनेरला. तुझे बाबा तिथली ख्रिस्ती मंडळी चालवतात ना? तिथं उभी राहा आणि तिथं बोल. तिथंच पोट भर. माझ्या घरात हे चालणार नाही. उद्या तिथं मोठी माणसं येणार आहेत.

माधवी: थांबा.

शिरीष: काय झालं? कागदात काय बघतेस?

माधवी: पुढं हेच लिहिलंय.

शिरीष: काय?

माधवी: तुम्ही आत्ता म्हणालात ते. "बेथेलचा पुजारी अमस्या आमोसला म्हणाला, जा बाबा तुझ्या मुलखात. तिथं भाकरी खा, तिथं संदेश दे. इथं बोलू नकोस. हे राजाचं देऊळ आहे."

शिरीष: हिनं मुद्दाम लिहिलंय.

देवयानी: मी गुरुवारी लिहिलं, काका. आणि ते बोलणं पावणेतीन हजार वर्षं जुनं आहे.

शिरीष: मी अमस्या आहे का?

देवयानी: मी तसं म्हटलं नाही.

शिरीष: मी या लोकांसाठी किती केलंय, कोणाला विचार. रोहितची आई वारली तेव्हा रात्रीचं तिकीट मी काढून दिलं. दत्तात्रयला नोकरी मी लावली. एकानं बोट दाखवू दे. ऐक आता. उद्या संदेश नाही. मी मिनिस्टरना सांगतो, देवयानीचा घसा बसलाय. फक्त कॅरोल होतील. आणि तू यातली एक ओळ कुठे वाचलीस, ग्रुपवर टाकलीस, तर सोमवारी घर रिकामं. तुझं एकटीचं नाही, सगळ्यांचं. अक्षयाचं पण. मग घाल तिला बारमाही ओढ्यात.

देवयानी: माहीत होतं हे म्हणणार तुम्ही.

शिरीष: माहीत होतं तर लिहिलंस कशाला?

देवयानी: काल रात्री घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. मला वाटलं, टाळ्या वाजवतील. अक्षयानंच हात जोडले. म्हणाली, देवू, बोलू नकोस, मी तोंडानं श्वास घेईन. बाकीच्या म्हणाल्या, तुला हीरो व्हायचंय, आम्हाला परीक्षा द्यायच्यात. एकीनं तर मला विचारलं, काकांना आधीच सांगू का, म्हणजे तिची तरी जागा राहील. तुम्हाला मेसेज तिनंच केला ना? म्हणून आलात.

शिरीष: ते महत्त्वाचं नाही.

देवयानी: दोनशेच्या वर खोल्यांसाठी मेल टाकलीय मी. तीन उत्तरं आली. एक जण भाडं नको म्हणाला, पण रात्री दार लावायचं नाही म्हणाला. सोडून जायचं तर कुठे जायचं? परत जायचं तर कोर्स अर्धा आहे. वाचलं तर सगळ्या रस्त्यावर, नाही वाचलं तर अक्षया त्या खोक्यात. आमोसचं बरं होतं. त्याला निदान हाकलून दिल्यावर परत जायला मेंढरं होती.

माधवी: इथं शेवटच्या पानावर काहीतरी लिहून खोडलंय.

देवयानी: ते सोडा. लांबत होतं.

माधवी: वाचता येतंय. "यिर्मया नावाच्या दुसऱ्या एका संदेष्ट्याला राजाच्या माणसांनी हौदात सोडलं. पाणी नव्हतं, चिखल होता. तो रुतत गेला. त्याला वर काढलं ते राजवाड्यातल्याच एका परदेशी नोकरानं. दोर खाली टाकायच्या आधी त्यानं जुन्या चिंध्या टाकल्या आणि वरून ओरडला, त्या काखेत घाल, म्हणजे दोर कापणार नाही." हे चांगलं होतं. का खोडलंस?

देवयानी: असं कोणी आलं नाही, म्हणून.

शिरीष: हलला ट्रॅफिक. झालं, पाच मिनिटांत पोचू. आता हा विषय बंद. देवयानी, घरी गेल्यावर गाद्यांचं आजच बघून ठेवा, उद्या घाई नको. मिनिस्टर जरा लवकर येतील. माधवी, पेटी डिकीत आहे, ती आजच आत ठेवू.

माधवी: राहू दे डिकीत.

शिरीष: का?

माधवी: मी उद्या वाजवणार नाही.

शिरीष: आता तू सुरू होऊ नकोस. संदेश नाही, पेटी नाही, मग दीड तास करायचं काय? मिनिस्टर तुलाच विचारतात नेहमी, माधवी कुठे, माधवी कशी आहे. तू येणारच नाहीस का?

माधवी: येणार की. सगळ्यांच्या आधी येणार. वर जाऊन अक्षयाच्या खोलीत बसणार, दार लावून. बघते तर खरं, किती वेळ बसवतं.

शिरीष: आणि मी लोकांना काय सांगू?

माधवी: सांगा, पाहुणी आहे.